सुरुंग, पूल आणि युद्धाची मर्यादा

पेडण्याच्या सड्यावर किंवा डिचोलीच्या डोंगरउतारावर विहीर खणताना खाली कठीण कातळ लागला म्हणजे कुदळ-पहारीचे काम थांबते आणि सुरुंग लावणाऱ्या माणसाला बोलावणे धाडावे लागते. तो येतो, कातळाला भोके पाडतो, त्यांत दारू ठासतो. परंतु वात पेटविण्यापूर्वी तो जे काही करतो तेच आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. वाटेच्या दोन्ही टोकांना तो माणसे उभी करतो, तांबडे फडके हलवून येणाऱ्या-जाणाऱ्यांस थोपवून धरतो, मोठमोठ्याने आरोळ्या देतो. शेजारच्या घरातील म्हातारी माणसे, पोरेबाळे आणि गोठ्यातील गुरे दूर नेल्याखेरीज तो काडी ओढीत नाही. मग जितके सुरुंग भरले तितके आवाज झाले की नाही हे तो मोजतो. एखादा कमी भरला तर त्या जागेकडे तो कोणालाही फिरकू देत नाही. सरकारी नियम आहेतच. पण ते नसते तरी, या रीतीने न वागणाऱ्या माणसाला गावाने दुसऱ्यांदा विहिरीवर उभे केले नसते.

आता तीच दारू आणि तोच सुरुंग युद्धात वापरला तर? तेथे तांबडे फडके कोणी हलवावे? शत्रूला आधी आरोळी द्यायची तर सुरुंग पुरण्यात अर्थ तो काय राहिला? प्रश्न निरुत्तर करणारा वाटतो खरा. परंतु गेल्या दीडशे वर्षांत जगातील राष्ट्रांनी त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे, आणि ते उत्तर समजून घेण्यासाठी आपणांस जिनिव्हा किंवा हेग या नगरांपर्यंत जाण्याचे कारण नाही. डिसेंबर १९६१ मधील उत्तर गोव्याच्या वाटा त्यास पुरेशा आहेत.

त्या वेळी ज्यांचे वय दहा-बारा वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. १८ डिसेंबर १९६१ रोजी पहाटे भारतीय सेना गोव्यात शिरली. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालील सतरावी डिव्हिजन पूर्वेकडून आली, आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून तीन फळ्यांनी उतरली. एक फळी उसगावावरून फोंड्याकडे, दुसरी बाणस्तारीवरून पणजीच्या रोखाने आणि तिसरी, रणगाड्यांसह, थिवीवरून म्हापसे-बेतीच्या वाटेने. पोर्तुगीज सैन्य संख्येने थोडे होते. आलेल्यांना अडवावयाचे नव्हे, तर त्यांचा वेग कमी करावयाचा आणि आपण मांडवीपलीकडे हटावयाचे, असाच त्यांचा बेत होता. त्यासाठी उत्तरेकडील पूल सुरुंगांनी उडविले गेले आणि वाटांवर सुरुंग पुरले गेले. सिख लाईट इन्फंट्रीचे जवान मोडलेले पूल आणि पुरलेले सुरुंग ओलांडीत त्या रात्री नऊच्या सुमारास बेतीस पोहोचले. समोर पणजी, मध्ये मांडवी. दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी त्यांच्या ताब्यात आली आणि १९ डिसेंबरच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती दिली. सुमारे ३६ तासांत सर्व आटोपले.

पूल उडविणे आणि वाटेत सुरुंग पुरणे या दोन्ही गोष्टी युद्धाच्या कायद्यास धरून होत्या काय? वाचकांस कदाचित नवल वाटेल, परंतु होत्या. ज्या पुलावरून शत्रूचे रणगाडे येणार तो पूल लष्करी उपयोगाची वस्तू ठरतो, आणि रणगाड्याच्या वाटेवर सुरुंग पुरण्यास तेव्हाही मनाई नव्हती, आजही नाही. तथापि या दोहोंत एक मोठा फरक आहे. उडविलेला पूल डोळ्यांना दिसतो. बाजाराला निघालेला माणूस काठावर येऊन उभा राहतो, शिव्या देतो आणि होडी शोधतो. पुरलेला सुरुंग दिसत नाही. तो रणगाड्याची वाट पाहत असतो. पण रणगाडा आला नाही तर तो तेथेच राहतो, आणि पुढे येणाऱ्या बैलगाडीला किंवा ट्रकला तो ‘तू कोण’ असे विचारीत नाही. बंदुकीच्या मागे माणूस असतो. त्याने डोळे उघडे ठेवले तर समोर शिपाई आहे की शेतकरी हे त्याला कळू शकते. सुरुंग पुरणारा मात्र हा निवाडा आपल्यामागे मातीत सोडून निघून जातो.

येथे कायद्याच्या इतिहासातील एक चमत्कारिक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. समुद्रात सोडावयाच्या सुरुंगांसंबंधी १९०७ सालीच हेग येथे करार झाला होता. दावे तुटून वाहत गेलेला सुरुंग आपोआप निरुपद्रवी झाला पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. जमिनीत पुरावयाच्या सुरुंगांसंबंधी खास नियम होण्यास मात्र १९८० साल उजाडावे लागले. म्हणजे १९६१ मध्ये आपल्या वाटांवर सुरुंग पुरले गेले तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र असे एकही कलम अस्तित्वात नव्हते. हा त्र्याहत्तर वर्षांचा फरक का पडावा? आमचा तर्क असा की जहाजांना मालक होते, विमा होता आणि राजधानीत त्यांच्या बाजूने बोलणारी माणसे होती. शेतमळ्यांना फक्त शेतकरी होते.

शस्त्रांवर मर्यादा घालण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात लढणाऱ्याने लपविलेली, काटेरी फाळांची, विषात बुडविलेली वा पेटती शस्त्रे वापरू नयेत असे सांगितले आहे. इकडे ११३९ साली रोम येथे पोप दुसरे इनोसंट यांनी भरविलेल्या लॅटरनच्या दुसऱ्या महासभेने चापधनुष्याचा वापर शापाचे भय घालून निषिद्ध ठरविला. अंगावरील चिलखत भेदून जाणारे हे शस्त्र देवाला अप्रिय आहे, असे धर्माचार्यांचे म्हणणे होते. ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते. परंतु ती अर्धीच सांगू नये. ती मनाई ख्रिस्ती लोकांविरुद्धच्या वापरापुरतीच होती, आणि ख्रिस्ती राजांनीही ती फारशी मनावर घेतली नाही. आपल्या माणसावर चालवू नये ते परक्यावर चालवावे, हा विचार त्या काळी कोणास खटकला नाही. पुढील सातशे वर्षांत जे बदलले ते हेच की नियम परक्यालाही लागू झाला.

हा बदल कागदावर आला तो १८६८ साली. रशियात लहान बंदुकीची अशी गोळी निघाली होती की ती शरीरात शिरल्यावर फुटे. रशियाच्या झारनेच पुढाकार घेऊन सेंट पीटर्सबर्ग येथे राष्ट्रांचे प्रतिनिधी बोलाविले. त्यांनी ठरविले की चारशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाची स्फोटक गोळी युद्धात वापरावयाची नाही. कारणही दिले. युद्धात शत्रूचे बळ तोडणे एवढाच योग्य हेतू असू शकतो. जो माणूस आधीच निकामी झाला त्याच्या यातना वाढविणाऱ्या शस्त्राने तो हेतू ओलांडला जातो. या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत पोर्तुगालही होता. पेडणे, डिचोली आणि सत्तरी त्या वेळी त्याच राज्याच्या ‘नव्या काबिजादी’त मोडत होत्या. आपल्या आजोबा-पणजोबांना त्याची वार्ताही नसेल, पण त्यांच्या राज्यकर्त्याने ती सही केली होती.

त्यानंतर १८९९ साली हेग येथे शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळीवर बंदी आली. या गोळीचे नाव ‘दमदम’ असे जगभर रूढ आहे, आणि ते कलकत्त्याजवळच्या आपल्या दमदम गावाचे आहे. तेथील कारखान्यात इंग्रजांनी ती तयार केली आणि वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांवर चालविली. हेगमधील चर्चेत इंग्रजांचा पक्ष असा होता की ‘रानटी’ माणूस साध्या गोळीने थांबत नाही. सभेने तो मानला नाही. इंग्लंडने सही केली ती १९०७ साली.

गोळीचा विषय निघाला म्हणून पेडण्याच्या पत्रादेवीची आठवण येथेच नोंदवितो. बांद्याहून गोव्यात येणाऱ्या हमरस्त्यावर जे हुतात्मा स्मारक आहे तेथे जाता-येता आपल्यापैकी पुष्कळांनी मस्तक लवविले असेल. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रादेवीस पंजाबचे तरुण करनैलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडले. सर्व ठिकाणी मिळून वीसहून अधिक माणसे त्या दिवशी गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह्यांनी याच तालुक्यातील तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढविला होता. पत्रादेवीस जे घडले त्याला युद्धाचा कायदा लागू होता काय? नव्हता. ज्याला कायदा सशस्त्र संघर्ष म्हणतो तो दोन्ही बाजूंस शस्त्रे असल्यावाचून होत नाही, आणि येथे एका बाजूस केवळ झेंडे होते. यातून एक विपरीत गोष्ट उद्भवते. रणांगणावरील शिपायाला दमदम गोळीपासून संरक्षण आहे, पण तोच करार रस्त्यावरील निःशस्त्र माणसाचे नाव घेत नाही. अनेक देशांचे पोलीस आजही पसरणारी गोळी वापरतात आणि युद्धाचा कायदा त्यांना अडवीत नाही. त्यांना आवरणारे नियम निराळे, मानवी हक्कांचे आहेत, आणि ते १९५५ साली आजच्याइतके लिहून झालेले नव्हते.

पुन्हा १९६१ कडे वळू. त्या ३६ तासांत भारत आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश कोणत्या नियमांनी बांधलेले होते हे पाहण्यासारखे आहे. विषारी वायू आणि रोगजंतू यांच्या वापरास मनाई करणारा १९२५ चा जिनिव्हा करार दोघांनीही १९३० सालीच मान्य केलेला होता. भारताच्या नावाने त्या वेळी इंग्रज सरकारने. जखमी, कैदी आणि नागरिक यांच्या रक्षणाचे १९४९ चे चार जिनिव्हा करार भारताने १९५० मध्ये मंजूर केले होते. पोर्तुगालने ते मंजूर केले मार्च १९६१ मध्ये, म्हणजे गोव्यातील लढाईच्या अवघे नऊ महिने आधी. शाई वाळते न वाळते तोच प्रसंग आला, असे म्हणावयास हरकत नाही.

या कायद्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे: शत्रूला इजा करण्याची साधने निवडण्याचा अधिकार अमर्याद नाही. त्यातून दोन प्रश्न निघतात. शस्त्र कोणते, आणि ते कशावर टाकले? दाबोळीची हकीकत दुसऱ्या प्रश्नाची आहे. १८ डिसेंबरच्या सकाळी बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बाँब टाकले, आणि नंतर आणखी आठ विमाने येऊन गेली. परंतु विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये अशी वैमानिकांस सक्त ताकीद होती, आणि ती पाळली गेली. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हंटर विमानांनी मारा केला तोही त्या केंद्रापुरताच. लष्करी उपयोगाची वस्तू तेवढी निवडावी, शेजारच्या वस्तीस व इमारतीस शक्य तितके वाचवावे, हा नियम सविस्तर शब्दांत पुढे १९७७ साली लिहिला गेला. दाबोळीवर तो त्याआधी सोळा वर्षे पाळला गेला, अर्थात भारताला तो विमानतळ स्वतःलाच वापरावयाचा होता हेही खरे. चांगल्या आचरणास स्वार्थाची जोड मिळाली म्हणून ते वाईट ठरत नाही. आज पेडणे तालुक्यातच मोपा येथे मोठा विमानतळ झाला आहे. जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडतात. धावपट्टी कोणाची, प्रवाशांची की सैन्याची, हा प्रश्न शांततेच्या दिवसांत कोणाच्या मनात येत नाही. युद्धाच्या दिवशी मात्र शेजारच्या वाड्यांचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून राहते.

आता त्या माणसाविषयी, ज्याच्या हातात पोर्तुगीज शस्त्रे होती. गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियो वासालो इ सिल्वा हे पेशाने लष्करी अभियंते. १४ डिसेंबर रोजी लिस्बनहून सालाझार यांचा संदेश त्यांना आला. तह नाही, कैदी होणे नाही. जिंकलेले वा मेलेले एवढेच शिपाई आम्हांस ठाऊक, असा त्याचा आशय होता. निदान आठ दिवस टिकून राहा असेही त्यांना बजाविण्यात आले. लढावयास काय होते? रणगाडाविरोधी दारूगोळ्यासाठी त्यांच्या सैन्याने ‘शोरीस’ या सांकेतिक नावाने मागणी केली आणि लिस्बनहून खरोखरीच्या शोरीसांचे पार्सल आले, अशी कथा पोर्तुगीज अधिकारीच सांगत. आपल्याकडील घराघरांत शोरीस शिजत असल्याने हे ऐकून हसू येते, पण ज्यांना रणगाड्यांसमोर उभे राहावयाचे होते त्यांना ते आले नसावे.

हेगच्या १९०७ च्या नियमांत ‘कोणालाही जिवंत सोडणार नाही’ असे शत्रूला जाहीर करण्यास सक्त मनाई आहे. शस्त्र खाली ठेवलेल्या माणसास मारण्यासही आहे. परंतु एखादा राज्यकर्ता आपल्याच शिपायांना ‘तुम्ही जिवंत शरण जावयाचे नाही’ असे सांगेल, ही कल्पना कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात आलेली दिसत नाही. त्यासाठी कलम नाही. तेथे एका माणसाची सदसद्विवेकबुद्धी एवढेच कलम उरले. वासालो इ सिल्वा यांनी आज्ञा मोडली. पणजी उद्ध्वस्त करून मागे हटावयाचे त्यांनी नाकारले, आणि निष्फळ रक्तपात नको म्हणून शरणागती पत्करली. दोन्ही बाजू मिळून सुमारे पन्नास माणसे त्या लढाईत गेली. आठ दिवस ती चालली असती तर किती गेली असती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. सालाझार यांच्या सरकारने १९६३ साली त्यांना सैन्यातून काढून टाकले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला. त्यांचे तीन हजारांहून अधिक शिपाई भारताच्या कैदेत राहून मे १९६२ मध्ये घरी गेले.

युद्ध संपले. पण नक्की कोणत्या दिवशी? हा प्रश्न पुढे आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि तो घेऊन आले एक गोमंतकीय धर्मगुरू. मोन्सिन्योर सेबास्तियांव फ्रान्सिस्को शावियेर दोस रेमेदियुस मोंतेरो यांनी पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवणे पसंत केले होते. येथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर त्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही, आणि त्यांना शिक्षा झाली. त्यांचे म्हणणे असे की लष्करी ताब्यातील प्रदेशाच्या रहिवाशास हद्दपार करण्यास चौथ्या जिनिव्हा कराराची मनाई आहे. १९६९ साली न्यायालयाने निकाल दिला की गोवा हा ताब्यातील परप्रदेश उरलेलाच नाही. २० डिसेंबर १९६१ रोजी तो भारतात विलीन झाला आणि त्या क्षणी कराराचे ते संरक्षण संपले. त्या धर्मगुरूंच्या निष्ठेविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता. न्यायालयाच्या लेखी युद्ध एका ठराविक तारखेस संपते, आणि तसे ते संपलेच पाहिजे, नाहीतर राज्य कसे चालावे?

पुरलेल्या सुरुंगाला मात्र ही तारीख कोणी कळवीत नाही. १९८० चा करार आणि १९९६ मध्ये झालेली त्याची सुधारणा यांत जगाने जे नियम केले ते ह्याच अडचणीवर उपाय म्हणून. वाचकहो, हे नियम वाचताना आम्हांस आपल्या विहिरीवरील तो सुरुंग लावणारा माणूसच आठवला. माणसांवर उडणारे जे सुरुंग आपोआप निकामी होत नाहीत ते पुरलेल्या जागेभोवती कुंपण घालावे, खुणा कराव्यात, पहारा ठेवावा. कोठे किती पुरले याचा नकाशा ठेवावा. लढाई थांबताच ते काढावेत किंवा काढावयास मदत करावी. दुरून फेकलेले सुरुंग बहुतांशी तीस दिवसांत आपोआप नष्ट झाले पाहिजेत. वात पेटविणाऱ्याने मोजणी करावी, तांबडे फडके लावावे, न उडालेला शोधावा, दुसरे काय?

याच करारात फसव्या सापळ्यांविषयी एक यादी आहे. स्फोटके कशाला जोडून ठेवू नयेत ते तीत सांगितले आहे: मुलांची खेळणी, अन्न व पेय, स्वयंपाकाची भांडी, मृतदेह, थडगी, जखमी माणसे, रेड क्रॉसची खूण, देवाधर्माच्या वस्तू, जनावरे. ही यादी वाचून अंगावर काटा येतो तो एका कारणाने. कोणीतरी कोठेतरी हे सर्व करून पाहिले असल्यावाचून अशी यादी लिहिली जात नाही.

१९९७ साली ओटावा येथे याहून पुढचे पाऊल पडले. माणसांवर उडणारे सुरुंग बनविणे, साठविणे, विकणे आणि वापरणे यांवर संपूर्ण बंदी घालणारा करार झाला, आणि दीडशेहून अधिक राष्ट्रांनी तो स्वीकारला. पोर्तुगाल त्यात आहे, परमधर्मपीठही आहे. भारत नाही. आमच्या सरकारची बाजू अशी की सीमा लांब आहेत, शेजार कठीण आहे आणि दुसरे साधन हाती येईपर्यंत सुरुंग सोडता येत नाहीत. परदेशांस मात्र ते विकावयाचे नाहीत. १९९६ चे सुधारित नियम भारताने १९९९ मध्ये मान्य केले आहेत. विषारी वायूंच्या बाबतीत आपण अधिक पुढे गेलो: १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदीच्या करारानुसार आपला सारा साठा जाहीर करून २००९ पर्यंत तो नष्टही केला. सुरुंगांविषयी सरकारचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही; जवानाची आई आपल्याही वाड्यांवर राहते. पण २००१-०२ मध्ये पश्चिम सीमेवर जे सुरुंग पेरले गेले ते पुरताना आणि काढताना आपलेच जवान गेले, पंजाब-राजस्थानच्या शेतकऱ्यांची पिके बुडाली आणि त्यांतील काहींचे पायही गेले. ही किंमतही हिशेबात धरावयास हवी. बाहेरचे जग या बाबतीत सध्या मागे सरकत आहे, हेही लपवून उपयोग नाही. रशियाच्या भीतीने फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक राष्ट्रांनी २०२५ मध्ये ओटावा करारातून बाहेर पडण्याचे ठरविले.

त्या सुधारित नियमांतील एक बारकावा आपल्या भागातील माणसास विशेष कळेल. प्लास्टिकचा सुरुंग शोधयंत्रास सापडत नाही. म्हणून नियम असा की माणसांवर उडणाऱ्या प्रत्येक सुरुंगात निदान आठ ग्रॅम लोखंडाइतका धातूचा इशारा मिळाला पाहिजे. आठ ग्रॅम म्हणजे एखादा मोठा खिळा. जिनिव्हातील टेबलावर हे पुरेसे वाटले असेल. परंतु डिचोलीची तांबडी माती ज्याने पाहिली आहे, जिच्या पोटातील लोहखनिज जहाजे भरभरून परदेशी गेले, त्याला शंका आल्यावाचून राहणार नाही. जेथे मातीच लोहाने माखलेली तेथे एक खिळा कसा ओळखू यावा? आणि अडचण खरीच तशी आहे. आफ्रिकेतील तांबड्या मातीत सुरुंग शोधणाऱ्यांची यंत्रे पावलोपावली वाजत, आणि दर वेळी गुडघे टेकून हाताने माती उकरून पाहावी लागे.

मोझांबिकमध्ये हेच झाले. त्या देशाचे नाव आपल्याकडे नवे नाही. कित्येक गोमंतकीय कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या तेथे नोकरीधंद्यात गेल्या. गोव्यातून पोर्तुगीज गेले ते १९६१ मध्ये, पण मोझांबिकमध्ये ते १९७५ पर्यंत राहिले. त्यांच्या वेळच्या लढाईत आणि नंतरच्या यादवीत तेथील वाटा, विहिरी, पुलांचे कठडे सुरुंगांनी भरून गेले. ते काढण्यास वीसहून अधिक वर्षे लागली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तो देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. त्या कामात माणसांच्या आणि यंत्रांच्या जोडीला टांझानियात शिकवून तयार केलेले मोठे आफ्रिकी उंदीर होते, आपल्याकडील घुशीएवढे. लोखंडाशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांना दारूचा वास येई. किलोभर वजनाच्या त्या जनावराच्या भाराने सुरुंग उडत नसे. तो सापडला की उंदीर तेथील माती खरवडी, आणि दोरी धरून उभा असलेला माणूस खूण करून त्याला केळ्याचा तुकडा देई.